वाकड्या टोकाची वेल

"हलू नको, मने! हललीस तर नख सोडून चामडीवर छापीन."

शमिकाने माझा अंगठा असा धरलेलान, जसं काय मी पळूनच जाणार. समोर मिसळणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण, त्यावर मी कोरलेली वेल. तिने झाकणावर तपकिरी नेलपॉलिश ओतलंन, जुन्या एटीएम कार्डाने खर्रकन खरवडलंन. वरचं सगळं निघालं, कोरलेल्यात तेवढं राहिलं. मग तो जेलीसारखा मऊ रबरी शिक्का झाकणावर दाबलान आणि तोच माझ्या नखावर टेकवलान. उचलला तर काय! एवढ्याशा नखावर अख्खी वेल. ठिपक्याठिपक्यांची. थेट जनीमावशीच्या हातावरच्या गोंदणातली!

मी खुर्चीतून उडालेच. "आईशप्पथ, शमे!"

"बस खाली. वाळू दे, मग काय ती उडी मार."

मी मनस्वी. नववीत शाळा सोडली. एका जागी बसणं आपल्याला जमत नाय. रामआळीत भांड्यांच्या दुकानात भांड्यांवर नावं घालते. ते मशीन किर्र करत ठिपके पाडतं आणि ठिपक्यांचं नाव होतं. शमिका माझी मैत्रीण, मिरकरवाड्यातली. पार्लरात यायच्या आधी ती कोळंबी सोलायची. सारखे हात बर्फाच्या पाण्यात. तिची स्वतःची नखं अजून खरबरीत आहेत, ती कधी रंगवतच नाय. त्यावरून तिला कोणी काय बोललं तर आधी मी भांडते, ती बाजूला उभी राहून हसते.

तर राजश्रीताईंच्या पार्लरात नखांचं नवीन टेबल आलं. लाईट लावलेलं, एकदम कडक. शमिका तोवर नुसत्या भुवया करायची. ताईंनी तिला तोंडावर सांगितलंन, "योगिनी नवरी आहे, मोठं घर आहे. तिची नखं झकास झाली तर टेबल तुझं. नायतर मी कोल्हापूरहून मुलगी आणते, तू आपला दोरा धर."

योगिनीला पाहिजे होतं विंटेज. फोनवर फोटो घेऊन आलेली. सायीसारखी नखं, त्यावर मळकट गुलाब, लेस. शमिकाने फोटो बघितलान आणि मला म्हणाली, "हे कुठल्यातरी मडमेचं जुनं. आपल्याकडे जुनं नाय काय?"

आणि तिला जनीमावशीचा हात आठवला. जनीमावशी तिची शेजारीण, मासे विकते. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण. वेल, ठिपके, तुळस. आम्ही तिच्याकडे गेलो तर हात पुढे करून म्हणते, "काढा फोटो. पण फुकट नाय हां, बांगडे घेऊन जायचं."

नखांवर छापायची प्लेट विकत मिळते, पण तिच्यावर रेघा गुळगुळीत असतात. गोंदणाची मजा ठिपक्यात. आणि ठिपके पाडायचं मशीन कोणाकडे? आपल्याकडे! मी फोटोत बघून झाकणावर वेल कोरली, अगदी होती तशी. टोकाला ती खाली वाकून मागे वळलेली, तेपण तसंच.

अंगठ्यावर ट्रायल झाली ती अशी. दुसऱ्या दिवशी योगिनीची नखं.

सकाळीच तिचा फोन. एका बोटावर नवऱ्याच्या नावाचं अक्षर पाहिजे. नवरा सुजय, म्हणजे 'सु'. शमिका धावत दुकानात आली. "मने, अक्षर उलटं कोर हां. शिक्का आहे ना, सरपंचाच्या शिक्क्यावर कसं उलटं असतं!"

मला पटलं. मी मस्त उलटं 'सु' कोरून दिलं आणि झाकण घेऊन तिच्याबरोबर पार्लरात गेले.

नऊ नखं झाली. योगिनी हात वरखाली करून नुसती बघत होती. मग दहाव्या बोटावर शमिकाने शिक्का टेकवलान, उचललान.

योगिनीची बहीण दिशा वाकली आणि खिदळली. "ताई, जिजू उलटे आले गो!"

'सु' उलटं! आमच्या तेव्हा डोक्यात आलं. झाकणावरून रबरावर जाताना ते एकदा उलटतं, रबरावरून नखावर येताना परत उलटतं. सुलट कोरलं असतं तर सुलटच आलं असतं.

योगिनीचं तोंड पडलं. "अपशकुन नाय ना काय?"

राजश्रीताईंनी फोन हातात घेतलान. "मी कोल्हापूरला विचारते."

"ताई, थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की ड्रायरखालची बाईपण वळली. स्कूटी काढली, रामआळी गाठली, मशीन उचललं. मालक म्हणाले, "अगो, कुठे नेतेस?" मी म्हटलं, "लग्न वाचवायला!" पार्लरात येऊन ड्रायरची पिन काढली, मशीन लावलं आणि सगळ्यांसमोर किर्रर्र करून झाकणाच्या कोपऱ्यात सुलट 'सु' कोरलं. शमिकाने ते नख पुसलंन, परत रंग, परत शिक्का. तिचा हात जरापण हलला नाय.

उचलला. सुलट! दिशाने टाळ्या पिटल्यान.

पण ताई चष्मा लावून बघत होत्या. "आणि ही वेल? टोकाला वाकडी का? तेपण चुकलंय?"

योगिनीने हात जवळ घेतलान. "हो गो, सगळ्याच नखांवर वाकडंय."

झालं, गेलं टेबल, मी मनात म्हटलं. शमिका मात्र थंड. "चुकलेलं नाय. जुन्या बायका टोक मुद्दाम मागे वळवायच्या. पोर सासरी निघाली की मागे वळून माहेराकडे बघते ना, तशी."

हे तिला कोणी सांगितलं, देव जाणे. पण योगिनी लग्न करून मुंबईला जाणार होती. तिचे डोळे भरून आले. "पुसू नको हां, शमिकाताई. असंच राहू दे." मग तिच्या काकीने हात पुढे केलान, मग दिशाने. ताईंनी फोन गपचूप पर्समध्ये टाकलान. त्या दिवसापासून टेबल शमिकाचं!

आता पोरी येऊन तेच मागतात, "ती वळून बघणारी वेल काढ." लांज्याहूनपण आली एक. झाकणं मीच कोरते, आता चार झालीत.

परवा मिरकरवाड्यात मासे घ्यायला गेले तेव्हा मी जनीमावशीला मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. वेल का वळते, त्याचा अर्थ काय. तिने सुरी खाली ठेवलीन आणि एवढी हसली की टोपलीवरची माशीपण उठली.

"कसलं माहेर नि कसलं काय! आंजर्ल्याला आमच्या अंगणात बसून गोंदत होती ती बाई. वेल सरळच चाललेली. सुई जोरात लागली, मी हात खेचला नि पळाले. 'हलू नको, हलू नको' करत ती मागून ओरडत्ये. ते टोक तेव्हाचं."