हात बांधले तर?

आमच्या मंडळात किस्सा सांगायचा म्हणजे आधी हातातला चहाचा कप खाली ठेवावा लागतो. हात मोकळे नसतील तर बोलणार कशानं? आणि समोरच्यांनाही कपात बघता येत नाही. बघितलं की अर्धा किस्सा हुकला! त्यामुळे दर रविवारी देऊळगाव राजाच्या एसटी स्टँडवरच्या कँटीनमध्ये आमच्या टेबलावर चहा गार होतो आणि किस्से साचत जातात. कँटीनवाला म्हणतो, "तुमच्यासारखं गिऱ्हाईक नाही ताई. आवाज नाही, भांडण नाही, पण टेबल काही सोडत नाही!"

मंडळ म्हणजे माझा मोठा भाऊ प्रकाशदादा, त्याची बायको सुनंदावहिनी, दादाचा शाळेपासूनचा दोस्त गजानन आणि बाजाराच्या निमित्तानं येणारी आणखी काही मंडळी. सगळे लहानपणापासून बहिरे. ऐकू येणारी मी एकटीच. दादा टेलर आहे, गजानन ग्रिल-गेटच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर. मी शाळेत शिकवते आणि शाळा सुटली की यांची दुभाषी. मंडळात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. दादाचं नाव म्हणजे गळ्यात टेप टाकल्याची खूण. माझं नाव म्हणजे अंगठा आणि चार बोटं चोचीसारखी फडफडवायची. थोडक्यात, बडबडी! काय करणार, नाव आपलं आपल्याला ठेवता येत नाही.

खुणांना गावची बोली असते की नाही मला माहीत नाही. पण यांचं बोलणं लिहिताना मी आमच्या घरचीच बोली लावते. दादा पुण्याच्या मराठीत बोलेल, हे मला पटतच नाही.

या मंडळातले निम्म्याहून जास्त किस्से घाबरल्याचे असतात. ऐकू न येणाऱ्या माणसाकडे संकट हाका मारत येत नाही, एकदम समोर उभं राहतं. मग ते टळलं की रविवारी त्याचा किस्सा होतो आणि सगळे पोट धरून हसतात. गेल्या वर्षी मात्र एक भीती अशी आली की काही केल्या तिचा किस्सा होईना. वहिनीला दिवस गेले होते.

*

आधी गजाननचा सांगते, म्हणजे मंडळ कसं आहे ते कळेल.

गजानन जालना रोडच्या कडेनं कामावर चालला होता. समोरच्या टपरीवरची माणसं एकदम उठून उभी राहिली आणि त्याच्याकडे बघून दोन्ही हात जोरजोरात हलवायला लागली. पलीकडून एक म्हातारी हात हलवायला लागली. गॅरेजमधली पोरंही बाहेर आली. गजाननला फार बरं वाटलं. त्यानंही थांबून, हसून, सगळ्यांना दोन्ही हात हलवून दाखवले!

मागून ऊस भरलेला ट्रॅक्टर येत होता. त्याचा ब्रेक लागत नव्हता. ट्रॉली गजाननच्या खांद्यावरची पिशवी फाडून गेली आणि डबा रस्त्यात सांडला. आणखी वीतभर आत असता तर आज हा किस्सा सांगायला तो नसता. 

त्यानं मात्र रविवारी सगळं हुबेहूब करून दाखवलं आणि शेवटी म्हणाला, "मले वाटलं, मी निवडून आलो!"

*

त्याच रविवारी लोणारच्या पार्वतीमावशी आल्या होत्या. मंडळात सगळ्यात वयस्कर. वहिनीची बातमी कळल्यावर त्यांनी तिला जवळ घेतलं आणि मग आपला किस्सा सुरू केला. मी थांबवायला हवं होतं, पण पुढे काय येणार हे मला तरी कुठं माहीत होतं?

मावशींचं सिझेरियन झालं होतं. टेबलावर झोपवलं, एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताला बीपीचा पट्टा, आणि मग दोन्ही हात आडव्या फळ्यांना बांधून टाकले. सगळ्यांची तोंडं मास्कनं झाकलेली, त्यामुळे ओठही वाचता येत नव्हते. भूल नीट चढली नव्हती. पोटाला हात लावला तेव्हा दुखलं, आणि सांगायला हातच नव्हते!

"डोळे मोठे केले, मान हलवली," मावशी म्हणाल्या. "त्यांना वाटलं, बाई घाबरली. नर्सनं गालावरून हात फिरवला."

एवढं सांगून मावशींनी हात मांडीवर ठेवले. कोणीही हसलं नाही. वहिनीनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले ते घरी जाईपर्यंत.

त्या दिवसापासून तिचा एकच प्रश्न. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, मध्येच थांबून मला विचारायची, "माझे हात बांधले तर?"

"बांधणार नाहीत," मी म्हणायची. सांगताना माझेच हात अडखळायचे आणि ते तिला बरोब्बर दिसायचं. तोंडानं थाप मारणं सोपं, हातांनी फार अवघड!

*

सोनोग्राफीला मी तिच्याबरोबर गेले. डॉक्टर तरुण होते, सेंटर नवीन होतं. भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी होती की इथे मुलगा-मुलगी सांगत नाहीत, तो गुन्हा आहे.

डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले, "बाळ छान आहे." मी वहिनीला सांगितलं. दोन्ही हात झोळीसारखे हलवले, म्हणजे बाळ. अंगठा वर केला, म्हणजे छान.

डॉक्टर खुर्चीतून ताडकन उठले! "मॅडम! अंगठा काऊन दाखवला? मी काहीच सांगितलं नाही हं! इथं कसलीही खूण चालत नाही!"

"अहो सर, ती बहिरी आहे. मी फक्त..."

"हात खाली! आधी हात खाली घ्या!" त्यांच्या कपाळावर घाम आला होता. आम्ही त्यांना पकडायला आलेल्या सरकारी बायका आहोत, असं त्यांना वाटलं असावं. शेवटी त्यांनी एका चिठ्ठीवर 'सर्व नॉर्मल' असं लिहून दिलं, स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि आम्ही दाराबाहेर पडेपर्यंत शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले.

मला हसू आवरेना. वहिनी मात्र पांढरीफटक पडली होती. रिक्षात बसल्यावर तिनं विचारलं, "बाळाले काय झालं? खरं सांग."

"काही नाही झालं! चिठ्ठी वाच ना."

"मग त्यानं हात काऊन लपवले?"

*

मग गजाननच्या डोक्यातून एक आयडिया निघाली. प्रॅक्टिस! एक हात बांधला तरी दुसऱ्यानं काम चालवता आलं पाहिजे. आमच्या बऱ्याच खुणांना दोन हात लागतात, पण एका हातानं तोतरं का होईना, बोलता येतं.

वहिनी एका हातानं बोलायला शिकली. 'दुखतंय', 'थांबा', 'श्वास कोंडतोय', 'बाळ कुठंय'. हे चार शब्द ती ज्या धास्तीनं पुन्हा पुन्हा घोकायची ते मला बघवायचं नाही. कोणाची बहीण, कोणाची वहिनी दवाखान्यात जाताना असे शब्द पाठ करून जाते?

एका दुपारी दादाच्या दुकानात रंगीत तालीम चालली होती. वहिनी खुर्चीत. डावा हात मापाच्या टेपनं खुर्चीच्या दांडीला बांधलेला. समोर गजानन सर्जन. तोंडाला रुमाल, हातात कापड बेतायची मोठी कात्री! वहिनीनं तोंड वेडंवाकडं करून 'दुखतंय' म्हणायचं आणि दादानं ते ओळखायचं.

तेवढ्यात ब्लाऊज न्यायला शेजारच्या मंदाकाकू आल्या. त्यांनी दारातून बघितलं आणि किंकाळी फोडली.

आत कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही!

मंदाकाकू आणखी जोरात ओरडल्या. तरी आतले तिघं आपल्याच कामात. एवढे निर्ढावलेले लोक काकूंनी जन्मात बघितले नव्हते. "अवो धावा! गरवार पोरीले बांधून मारून राह्यले!"

निम्मा मोहल्ला गोळा झाला. दाराशी गर्दीची सावली पडली तेव्हा कुठं दादानं मान वर केली. माणसं बघून तो घाबरला. बायकोला आधी सोडवावं म्हणून त्यानं गजाननच्या हातातली कात्री हिसकावली आणि तो टेप कापायला वहिनीकडे धावला. गर्दीतल्या दोघांनी त्याला खाली पाडलं आणि त्याच्या छातीवर बसले. दादाचे हात त्यांनी जमिनीवर दाबून धरले होते. तो काय सांगणार?

मी शाळेतून आले तेव्हा हे दृश्य! दादाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि वहिनी मोकळ्या हातानं सारखी 'थांबा, थांबा' म्हणत होती. मी ओरडून ओरडून सगळं समजावलं. माणसं ओशाळली. कोणीतरी दादाचा शर्ट झटकून दिला.

मंदाकाकू मात्र पायरीवर बसून राहिल्या. वहिनीकडे बघून त्यांनी मला विचारलं, "पण बाई, तिथं एकही हात मोकळा नाही सोडला, तर?"

काकू काय म्हणाल्या ते वहिनीनं मला विचारलं नाही. तिला चेहऱ्यावरूनच कळलं होतं.

*

दिवस भरले. दुपारी कळा सुरू झाल्या आणि आम्ही गावातल्याच एका खासगी दवाखान्यात गेलो. नर्स एकदा डोकावली. "ओरडून नाही राह्यली ना? मंग टाइम आहे अजून."

वहिनी ओरडत नव्हती, कारण ती कधीच ओरडत नाही. हॉस्टेलच्या शाळेत लहानपणी कोणीतरी तिला समजावलं होतं की तुझा आवाज चांगला नाही, लोक भितात. तेव्हापासून तिनं तोंडातून आवाज काढणंच सोडलं. कळ आली की ती पलंगाची दांडी पकडायची आणि कळ गेली की दांडी सोडून एका हातानं विचारायची, "डॉक्टर?"

मी तीनदा सांगायला गेले. तीनदा तेच उत्तर. "पेशंट शांत आहे ताई, काळजी नका करू."

तिची बोटं गार पडली होती, ओठ काळवंडले होते. मला भयंकर राग आला आणि त्याहून भयंकर भीती वाटली. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "आई गं! मेले! मेले गं आई!"

दोन नर्स आणि एक वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन धावत आले आणि त्यांनी मलाच त्यात बसवलं!

"मला नाही, तिला!" मी म्हटलं. "मी तिच्या वतीनं ओरडले!"

पाच मिनिटांत डॉक्टरीणबाई आल्या. तपासलं. बाळाचे ठोके कमी होत होते. सिझेरियन.

*

भूल देणारे डॉक्टर जालन्याहून आले होते. त्यांना मी ऑपरेशन थिएटरच्या दारातच गाठलं. हात बांधू नका म्हणून विनवलं.

"रूल आहे मॅडम. पेशंट हात हलवते, मग अडचण होते."

"सर, हिचे हात बांधणं म्हणजे तोंडाला पट्टी लावणं. आत दुखलं तर ती सांगणार कशी?"

ते थबकले. "बरं. सलाईनचा हात बांधू, उजवा सोडू. पण ती हात हलवणार नाही, याची गॅरंटी घेता?"

"हलवणार!" मी म्हणाले. "बोलणारच ना ती!"

डॉक्टरीणबाई मास्कमधून हसल्या असाव्यात. "घ्या हो आत दोघींना."

मला हिरवा गाऊन दिला, टोपी दिली, मास्क दिला आणि वहिनीच्या डोक्याशी उभं केलं. तिच्या छातीवर पडदा लावला. डावा हात बांधताना तिनं डोळे घट्ट मिटले. उजवा हात फळीवर मोकळा होता. भूल चढली. डॉक्टर विचारत होते ते मी तिला सांगत होते, आणि ती एका हातानं उत्तरं देत होती. "दुखत नाही." "दुखत नाही." "ओढल्यासारखं वाटतं." मी मोठ्यानं सांगायची, डॉक्टर मान हलवायचे.

मग बाळ निघालं. मी वहिनीला सांगितलं, "निघालं! मुलगी!"

आणि मी रडण्याची वाट बघत थांबले. सगळेच थांबले. रडणं काही येईना. बाळाला उजवीकडच्या टेबलावर नेलं. बालरोगतज्ज्ञ पाठ चोळत होते, तळपायाला टिचक्या मारत होते.  मशीनची टिकटिक तेवढी चालू होती. नर्सचे डोळे खाली गेले. माझे हात हवेत होते तसेच राहिले. काय सांगू तिला? आयुष्यभर मी या लोकांना सगळं सांगत आले, आणि आता एक खूण सुचत नव्हती.  देवा, आता तिनं विचारलं तर?

वहिनीनं विचारलं नाही. तिनं मान उजवीकडे वळवली होती आणि डॉक्टरांच्या कोपराखालून ती टेबलाकडे बघत होती. मीही बघितलं. मला दिसली फक्त बाळाची पाठ आणि ते न उघडणारं तोंड.

आणि मग बाळ रडलं! असं खणखणीत, की डॉक्टरीणबाईंच्या तोंडून "शाब्बास!" निघालं. मला रडू कोसळलं. मी वहिनीला सांगितलं, "रडली! वहिनी, रडली ती! आवाज आला!"

वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं मोकळ्या हातानं बाळाकडे बोट दाखवलं. दोन्ही मुठी हवेत, दहाच्या दहा बोटं उघडत होती, मिटत होती.

"ती केव्हाची बोलून राह्यली," वहिनी म्हणाली. "तुम्हाले आत्ता कळलं?"