पाहुणे येत नाहीत

मी गाव सोडलं त्या सकाळी माझे वडील, आबा, एसटीच्या थांब्यापर्यंत आले, पण माझी ट्रंक काही त्यांनी उचलली नाही. ती उचलली माझ्या बायकोने, सुनंदाने, एका कडेवर पाच वर्षांची आमची सारिका असताना. मी वळकटी आणि स्टोव्ह घेऊन मागून चाललो होतो. लासुर्ण्याच्या थांब्यावर पोचल्यावर आबा वळले आणि म्हणाले, "शाळा सुरू व्हायच्या आत जागा बघ. न्हायतर पोरीचं नाव हितल्याच शाळंत घालतो. आन एकदा घातलं म्हंजी मग उपटून न्यायचं न्हाय." सुनंदाने माझ्याकडे पाहिलं ते मला आजही आठवतं. गाडी हलली तेव्हा सारिकाने हात हलवला, तोसुद्धा मला नाही, ड्रायव्हरला.

लासुर्ण्यात आणि आसपास राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखी ट्रंक घेऊन कधी ना कधी निघालेल्यांनो, तुम्ही हसाल. बारामती म्हणजे काही दुबई नव्हे. पण शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. तिसरी शिफ्ट सुटते तेव्हा गावाकडची गाडी गेलेली असते आणि पुढची येईपर्यंत डोळे मिटलेले असतात. वालचंदनगरला मी टर्नरचं काम शिकलो होतो, बारामतीच्या एमआयडीसीत एका नव्या कारखान्यात लागलो. साल त्र्याण्णव. फेब्रुवारी चालू होता आणि जूनमध्ये शाळा. म्हणजे बायको-पोरीला आणायला माझ्या हातात चार महिने होते.

आमच्या घराण्यात आबांपर्यंत सगळ्यांनी मेंढरं राखली. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि आबांनी मेंढरं विकून बैल घेतले. पण डोकं मेंढपाळाचंच राहिलं. भाड्याने खोली घेणार म्हणालो तर त्यांना ते समजेचना. "आपुन कुनाच्या रानात बसलो, तर रानवाला आपल्याला दानं देतो. लेंडीखत पडतं त्याच्या रानात, म्हनून. आन तू ऱ्हानार बी आन वर त्यालाच पैसं देनार? ह्ये उलटं कसं काय?" मी म्हणालो, आबा, मी काही मेंढरं घेऊन राहणार नाही. तर म्हणाले, "मंग त्याला तुझा काय उपेग?"

पहिले तीन महिने मी इंदापूरकडच्या तीन पोरांबरोबर एका खोलीत काढले. आमच्या शिफ्ट वेगळ्या होत्या म्हणून चार माणसांना दोन गाद्या पुरत. सुट्टीच्या दिवशी सायकल काढायची आणि गल्ली-गल्ली हिंडायचं. एसटी स्टँडच्या जवळच्या जागा बँकवाल्यांच्या आणि मास्तरांच्या. तिथलं डिपॉझिट ऐकूनच मी चहा न पिता उठायचो. कालव्याच्या कडेला स्वस्त खोल्या होत्या, पण भिंतीला हात लावला की हाताला ओल लागायची. एके ठिकाणी सगळं जमलं होतं, भाडं, पाणी, उजेड. मालकाने शेवटी विचारलं, "गाव कुठलं?" मी सांगितलं. "म्हणजे पाहुणे येणार." मी म्हणालो, येणारच की. दवाखान्याला, बाजाराला, पोरगी दाखवायला; आमच्या बाजूचा माणूस बारामतीला आला की ओळखीच्या दारात पाणी प्यायल्याशिवाय कसा जाईल? मालक म्हणाले, कळवतो. ते अजून कळवतायत.

असं तीन ठिकाणी झालं. मग खोलीतल्या निमगावच्या पोराने मला शहाणं केलं. "म्हादू, येड्या, त्यांनी विचारायच्या आदी आपुनच म्हनायचं, आमच्याकडं कुनी येत न्हाय." मी ते पाठ केलं.

मे महिन्याच्या शेवटी जळोचीच्या बाजूला एका बाईंची जागा सापडली. तेव्हा तिकडे वस्ती विरळ होती. अर्धवट बांधलेली घरं, स्लॅबमधून वर आलेल्या सळया, मधेच बाभळी, आणि चप्पल झिजवणारा मुरूम. म्हणून तर भाडं मला झेपणारं होतं. बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. एकट्याच. निवृत्तीच्या पैशातून घर बांधलं होतं आणि मागच्या बाजूला पत्र्याच्या दोन खोल्या काढल्या होत्या. घराला प्लॅस्टर नव्हतं, पण अंगण आरशासारखं झाडलेलं. अंगण म्हणजे तीन गुंठ्यांचा मुरूम, भोवती काटेरी तार. त्यात काहीही उगवत नसे. दोनदा लिंबू लावलं, दोनदा जळालं, असं बाईंनी खोली दाखवता दाखवता सांगितलं. तुळशीवृंदावनातली तुळस तेवढी हिरवी होती.

"माणसं किती?"

"तीन. मी, बायको, मुलगी. आणि आमच्याकडे कोणी येत नाही."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

"बरं," म्हणाल्या, "मला गडबड सोसत नाही. पुढच्या रविवारी घेऊन या त्यांना." आणि किल्ली दिली. हे सगळं इतक्या सहज झालं की मी तिथून सायकल शीळ घालत चालवली. गावाकडे कारखान्याच्या फोनवरून निरोप धाडला की जागा मिळाली, पत्ता अमुक अमुक. सुनंदाने त्या दिवशी डबे पुसून ठेवायला घेतले, असं तिने नंतर सांगितलं. माझी ट्रंक मी त्या खोलीत नेऊन ठेवली आणि झोपायलाही तिथेच जाऊ लागलो.

शुक्रवारी माझा रिलीव्हर आला नाही. दुसऱ्या शिफ्टला जोडून तिसरी करावी लागली. शनिवारी सकाळी सात वाजता, डोळ्यांत लोखंडाची पूड घेऊन, मी सायकल बाईंच्या घराकडे वळवली आणि ब्रेक न दाबताच थांबलो.

अंगणात मेंढरं होती. पन्नास-साठ तरी असतील, वाघुरीच्या जाळ्यात दाटीवाटीने उभी. कपडे वाळत घालायच्या खांबाला घोडं बांधलं होतं. चुलीवर भाकरी चालली होती, डालग्यात कोंबड्या होत्या, आणि एक करडू वृंदावनावर पाय देऊन तुळशीचे शेंडे शांतपणे संपवत होतं. माझ्या खोलीच्या पायरीवर आबा बसले होते, पांढऱ्या स्वच्छ फेट्यात, लग्नाला आल्यासारखे. शेजारी त्यांचे मावसभाऊ सोपानतात्या. तात्यांचा वाडा, म्हणजे माणसं-मेंढरांचा सगळा तांडा, दरवर्षी पावसाच्या तोंडाला कोकणातून माघारी फिरतो, त्याच वाटेवर ते होते. आबा आदल्या संध्याकाळी लासुर्ण्याहून मुद्दाम येऊन त्यांना गाठून, पत्ता विचारत विचारत, सगळा लवाजमा इथे घेऊन आले होते.

आणि फाटकात, हातात पिशवी घेऊन, बाई उभ्या होत्या. रात्री त्या फलटणला बहिणीकडे होत्या. पहिल्या गाडीने आत्ताच उतरल्या होत्या.

त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही म्हणालात, आमच्याकडे कोणी येत नाही."

उद्या रविवार होता. सुनंदाने डबे बांधले असणार, सारिकाने शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून झालं असणार. आणि समोर हे. मला पहिल्यांदा आबांचा राग आला, खरं सांगतो. लेकाची जागा बघायला येताना कुणी कळप घेऊन येतं का?

पण तेवढ्यात आबांनी माझ्याकडे पाहिलं. "कुनी येत न्हाय म्हनलास?"

"आबा, तसं म्हणावं लागतं इथं..."

"मी कोन?" ते म्हणाले. "ह्यो सोपाना कोन?"

एवढंच. मग त्यांनी मान फिरवली. आयुष्यात आबांचा मार मी खाल्लाय, शिव्या खाल्ल्यात, त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवशी मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जागा जाणार हे दुःख होतंच, पण ती मिळवण्यासाठी मी काय विकलं होतं ते तेव्हा कळलं.

आबा उठले. बाईंपुढे गेले आणि हात जोडले. "बाई, चूक झाली. तुमास्नी इचारायला पायजे हुतं, पर घरात कुनी नव्हतं. आमचा रिवाज हाय. ज्याच्या जाग्यात ऱ्हायचं, त्या जाग्याला आदी काय तरी द्यायचं. ह्यो पोरगा उद्यापास्नं हितं ऱ्हानार. ह्याच्याकडं द्यायला काय न्हाय, त्यो लोखंड कापतो. म्हनून म्या रातभर मेंढरं बसवली. मुरमाड हाय जागा, पर आता पावसात काय बी लावा, लागंल. ह्याला ठिवायचं का न्हाय ते तुमी बगा. मेंढरं मातर आमी आत्ता काढतो." आणि करडाच्या पाठीत एक चापट मारून म्हणाले, "तुळशीचं तेवढं माफ करा."

बाईंनी अंगणाकडे पाहिलं. इतकं झाडलेलं ते अंगण काळ्या लेंड्यांनी भरून गेलं होतं. मग पिशवी तशीच हातात धरून त्या घरात गेल्या. मी मनातल्या मनात ट्रंक उचलली. तात्यांनी वाघूर गुंडाळायला घेतली.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात सूप होतं. सुपात ज्वारी, वर गुळाचा खडा.

"तेवीस वर्षं इंदापूर तालुक्यात शाळा केल्या मी," त्या आबांना म्हणाल्या. "मेंढरं बसवल्यावर काय द्यायचं असतं ते मला माहीत आहे. धरा."

आबांनी उपरण्याचा सोगा पुढे केला. ज्वारी त्यात पडताना त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले. माझे तर केव्हाच वाहत होते, पण मी रात्रपाळीवर ढकललं. मग बाई माझ्याकडे वळल्या. "आठ गावांत भाड्याने राहिले मी. दर वेळी मलाही विचारायचे, पाहुणे किती येतील? मीही म्हणायची, कोणी येत नाही. आणि मग आई भेटायला आली की तिला खिडकी लावून आत बसवायची. तुम्ही मात्र यापुढे असं खोटं बोललात तर खोली खाली करायची. आणि वृंदावनाच्या कट्ट्यावर करडू चढता कामा नये."

"व्हय बाई," मी म्हणालो. गावचं 'व्हय' तोंडातून निसटलं त्याचं पहिल्यांदाच काही वाटलं नाही.

रविवारी सुनंदा आणि सारिका आल्या. त्यांची ट्रंक या वेळी आबांनी उचलून आणली. सुनंदाने अंगण पाहिलं आणि नाकाला पदर लावत विचारलं, "ह्ये काय?" म्हटलं, आपलं डिपॉझिट. सारिकाचं नाव जळोचीच्या शाळेत घातलं आणि पहिले सहा महिने तिला पाढे बाईंनीच शिकवले. त्या पावसाळ्यात बाईंनी तिसऱ्यांदा लिंबू लावलं. ते लागलं. पुढे शेवगा, पेरू, कढीपत्ता असं काय काय लागलं, आणि मग भावकीतले लोक दवाखान्याला आले की येताना चिमूटभर बी, एखादं रोप घेऊनच यायचे. बाई चपला मात्र ओळीत काढायला लावायच्या. आबांच्याही.

आता तिथे वस्तीच वस्ती झाली आहे. मुरूम दिसतच नाही, सगळा डांबर आणि पेव्हर ब्लॉक. आम्हीही दोन गल्ल्या सोडून घर बांधलं. बाई गेल्या, आबा गेले. लिंबाचं ते झाड आहे. त्याचं एक रोप आमच्या दारात आहे. लासुर्ण्याला गेलो की लोक विचारतात, "घरी कवा जानार?" आणि बारामतीत शेजारी विचारतात, "गावाला, म्हणजे घरी, कधी जाणार?" दोन्ही ठिकाणी मी उत्तर देतो. पूर्वी या प्रश्नाला मी अडखळायचो, आता अडखळत नाही. जिथे माझी माणसं न विचारता येऊ शकतात आणि ती येतात हे मला लपवावं लागत नाही, ते माझं घर, एवढा साधा हिशेब मी करून टाकला आहे.

आमच्या मागच्या बाजूलाही दोन खोल्या आहेत. गेल्या महिन्यात शेळगावकडचा एक मुलगा जागा विचारायला आला. नवीन लग्न, नवीन नोकरी, खिशाला पेन. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "काका, आमच्याकडे कोणी येत नाही."

म्हणालो, "मग खोली मिळणार नाही."

तो बिचारा गोंधळून उभाच राहिला. आतून सुनंदा हसत बाहेर आली, त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "आई-वडील कधी येणार आहेत जागा बघायला?"