नवी लेन्स आणि रोवण्याचा चिखल

नातवंडं झाल्यावर मला फोटोंचं वेड लागलं. "यात सारा देखावा मावते," असं म्हणून दुकानदारानं वाइड अँगल झूम लेन्स गळ्यात मारली, आणि दुसऱ्याच दिवशी मी देवरीकडच्या एका शेताच्या कडेला, उंच धुऱ्यावर मोठी कलाकार होऊन उभी! खाली चिखलानं भरलेल्या बांधीत बाया धान रोवत होत्या.

त्यातली एक, लुगड्याचा काचा मारलेली, वर आली आणि मी काढलेला फोटो बघायला कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर वाकली.

"याच्यात मी कुठं आहो वं मावशी?"

मी बोट ठेवलं. बिचारी तांदळाच्या दाण्याएवढी दिसत होती.

"अन् एवढं आभाळ कायले घेतलं? ते तं रोजच राहते. बांधीत येऊन काढ ना!"

"चिखल आहे ना, बाई."

झालं! रोवण्यात कोरड्या पायानं आलेल्याला चिखल फासायची तिथे रीतच. बाया खिदळल्या, आणि ही वाकून ओंजळ भरून घेऊन आली. माझा सगळा जीव त्या महागड्या काचेत.

"लेन्सले नको लावू, माय!"

ती थांबली. "डोळा हाय तो तुया. डोळ्यात कोणी चिखल टाकते का?"

मी कॅमेरा पदराखाली घेतला आणि मुकाट्यानं गाल पुढे केला.