खळ भरलेला तागा

कात्री हे तिचं खरं नाव नव्हे. जिभेला धार म्हणून धक्क्यावरच्या लोकांनी ते ठेवलं आणि तिने ते मिरवलं. होड्यांची शिडं शिवणारी बाई. मोर्च्यासाठी कापडी फलक शिवून मागायला गेले तेव्हा तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"उरलंसुरलं कापड लावते. तुमची घोषणा फाटली तर दुसरी द्याल. माझं शीड फाटलं तर माणूस जातो."

मला राग आला. म्हणून तिथेच ठाण मांडून बसले. फलक हातात पडेपर्यंत उठणार नव्हते.

तिची शेड म्हणजे एक लांबच लांब खोली. कापड जमिनीवर पसरायचं, म्हणून जमीन ताटासारखी पुसलेली. चप्पल घालून आत आलात तर तुमचं काही खरं नाही. ओल लागू नये म्हणून कॅनव्हासचे तागे भिंतीवरच्या फळ्यांवर. कोपऱ्यात तिची भावजय शिडाच्या कडेला दोर शिवत बसलेली, तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून.

सुती कॅनव्हास विकणाऱ्यांत चोर भरलेत, आणि हे मी शांतपणे लिहू शकत नाही. विरळ विणलेल्या कापडात ते खळ आणि पांढरी माती भरतात. हाताला कापड कसं ताठ, घट्ट! एकदा भिजून चोळलं गेलं की भरलेलं सगळं वाहून जातं आणि हातात राहते जखमेवर बांधायची पट्टी. म्हणून कात्री प्रत्येक ताग्याची एक पट्टी कापून भिजत घालायची, चोळायची, वाळवायची. घट्ट राहील त्या पट्टीचा तागा शिडाला. लोळागोळा होईल त्या पट्टीचा तागा पडद्यांना, छपरांना आणि माझ्यासारख्यांना.

ती माझा फलक बेतत होती तेवढ्यात बेकरीवाला दारात आला. चप्पल बाहेर काढून. शहाणा माणूस.

"बाई, मानलं तुम्हाला! काल एवढी सर येऊन गेली, पण माझ्या छपरातून एक थेंब आत नाही. उगाच घाबरवत होतात, स्वस्तातलं घेऊ नका, गळेल म्हणून!"

कौतुक ऐकून माणूस फुलतं. कात्रीच्या हातातली खरीखुरी कात्री खाली ठेवली गेली.

"गळलं नाही?"

"थेंब नाही म्हणतो ना! उलट भिजल्यावर आणखी घट्ट बसलंय."

"जा तुम्ही," ती म्हणाली. तो बिचारा हसरं तोंड घेऊन गेला.

ती उठली. फळीखालच्या कातरणांतून एक तुकडा ओढला, बादलीत बुडवला आणि दोन्ही हातांनी खसाखसा चोळला. पाणी दुधासारखं पांढरं झालं. तुकडा उजेडाकडे धरला तर पलीकडची खिडकी दिसली.

"हे कुठलं कातरण?" मी विचारलं.

"भावाच्या नव्या शिडाचं."

तो भाऊ तेव्हा होडी घेऊन समुद्रावर होता. एकटा. कोपऱ्यातली सुई थांबली.

"वन्सं," भावजय उठत म्हणाली, "काय म्हणालात?"

इथे दुसरी कोणी असती तर तिने कापड विकणाऱ्याच्या नावाने शंख केला असता. मीही तयारच होते. पण कात्रीने सरळ सांगितलं. दर वेळी ती पट्टी भिजवण्याआधी तिच्यावर रंगीत धाग्याचा टाका घालायची, कुठली पट्टी कुठल्या ताग्याची ते कळावं म्हणून. त्या दिवशी भाऊ शिडासाठी घाई करत डोक्यावर बसला होता. दोघांचं वाजलं, आणि तणतणत तिने टाक्याऐवजी खडूने खूण केली. पाण्यात खडू कुठला राहतोय!

"म्हटलं, मला कशाला हवी खूण? मी नजरेने पोत ओळखते." ती बादलीकडे बघत होती. "पट्ट्यांची अदलाबदल झाली. शिडाचा तागा बेकरीच्या छपराला गेला, छपराचा शिडाला. शिवताना मांडीवर पांढरी भुकटी पडत होती गं. मला वाटलं, आखणीचा खडू आहे."

"भुकटी मीही झटकली," भावजय म्हणाली. मग आवाज चढला. "पण पोत ओळखायचा तोरा तुमचा! माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर बांधलंत ना ते फडकं!"

"ओरड. आणखी ओरड."

"ओरडून काय वारा थांबणार आहे?"

वारा खरंच थांबत नव्हता. तिघीही धक्क्यावर गेलो. फलकाचं नाव काढायची मला लाज वाटली. एकेक होडी येत होती आणि प्रत्येक वेळी भावजय पुढे जायची, मागे यायची. कात्री मात्र दगडासारखी उभी. येणाऱ्यांना ती विचारायची, "पांढरं शीड दिसलं का? कोरं, पांढरं?" कोणालाच दिसलं नव्हतं. दर नकाराला तिचा चेहरा आणखी उतरायचा.

ऊन कललं तेव्हा एक मळकं, ठिगळ लावलेलं तपकिरी शीड धक्क्याच्या टोकाला वळलं. कात्रीने मान फिरवली. पण भावजयीने डोळे बारीक केले आणि किंचाळलीच.

"अहो वन्सं! ती ठिगळं माझ्या हातची आहेत!"

भाऊ उडी मारून उतरला, तोच बायकोने त्याचा दंड धरला आणि सोडेना. त्याला काही कळेना.

"नवं शीड कुठे आहे?" कात्रीने विचारलं.

"आत, कोरडं. ताई, शपथ, एक थेंब लागू दिला नाही! तूच दम दिला होतास ना, नवं शीड आधी हलक्या, कोरड्या वाऱ्यात ताणून बसू दे, ओलं केलंस तर तंगडी मोडीन. ढग दिसले तसं उतरवलं आणि जुनं चढवलं. मग जो वारा सुटला, विचारू नकोस. आता तरी शाबासकी देशील की नाही?"

शाबासकीऐवजी तिने त्याला सगळं सांगितलं. चार होडीवाले ऐकत असताना, आवाज न दबवता. खडूसुद्धा लपवला नाही.

तो खो-खो हसत सुटला.

"म्हणजे मी तुझ्या शिव्यांनी वाचलो! तुझ्या शिडाने नाही!"

भावजय आधी रडली, मग तीही हसली, आणि कात्री तिथेच ओल्या दगडावर मटकन बसली. धक्क्यावर तिला बसलेलं आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"नवं शिवून देते," ती म्हणाली. "टाका घालून."

"दे गं. आधी जेवायला दे."

त्याने ते खळीचं शीड होडीतून ओढून तिच्यासमोर टाकलं आणि त्यावरून पलीकडे जायला पाऊल टाकलं.

"पाय काढ!" कात्री कडाडली. "कापडावर पाय देतोस?"

ते कापड आता शिडाच्या लायकीचं नव्हतं. तरी त्याने पाय काढला, आणि तिघांनी मिळून त्याची नीट घडी घातली.