मुक्ताताईंच्या बाई

अख्ख्या पुण्यात मोठ्या माणसांचा इतका पाणउतारा आणि पोरांचा इतका मानमरातब करणारी बाई दुसरी सापडायची नाही. माझ्या मुलीच्या, मुक्ताच्या, ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या त्या. येरवड्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचं सेंटर होतं. पहिल्या दिवशी आम्ही तिघं दारात उभे राहिलो, तर चार वर्षांच्या मुक्तासमोर उकिडवं बसून बाई म्हणाल्या, "यावं मुक्ताताई, आपलीच वाट बघत होतो." आणि बँकेत साहेब असलेल्या माझ्या नवऱ्याला, "अरे, बूट काढ की! मुलं लोळतात इथं." आमच्या ह्यांना अरेतुरे करणारं माणूस त्यांच्या आईखेरीज उरलं नव्हतं. ते निमूट खाली वाकले.

मुक्ताला ऑटिझम आहे हे नुकतंच कळलं होतं. तेव्हा तो शब्दच कुणाला धड ठाऊक नव्हता. सांगितला की लोक काढे सुचवायचे. ती बोलत नव्हती, आणि डोक्याला कुणी हात लावला की असा टाहो फोडायची की शेजारचे गॅलरीत यायचे. ती झोपली की मी कात्रीनं तिचे केस कसेबसे कापायची. मला दुसरं काही नको होतं हो! पोरीला पुढ्यात बसवून एकदा वेणी घालावी, एवढंच.

जे मुलांनी करायचं ते आधी आईबापांनी करायचं, हा बाईंचा कायदा. ह्यांना त्यांनी झोक्यावर पालथं घातलं, ओल्या रव्यात कोपरापर्यंत हात घालायला लावले, आणि एकदा तर सतरंजीत गुंडाळून वरून उशीनं चांगलं दाबलं. "कसं वाटतंय?" आतून आवाज आला, "बरं वाटतंय." "मग! हलका हात टोचतो रे या मुलांना. घट्ट दाबलं की जीव शांत होतो." पुढं कितीतरी रविवारी हे स्वतःहून सतरंजी मागायचे. आणि बाईंबरोबर बुधवार पेठेत खरेदीला जाणं म्हणजे तर शिक्षाच. मुलांच्या अंगावर फिरवायचा म्हणून दुकानातला एकेक ब्रश त्या आधी स्वतःच्या गालावर फिरवून बघायच्या. "बाई, कपड्यांचा आहे तो," दुकानदार कळवळून म्हणाला. "असू दे. गाल तुमचा आहे का?"

पण सगळ्यांत मोठं खूळ म्हणजे परवानगीचं. "मुक्ताताई, आपल्या डोक्याला हात लावू का?" असं विचारून त्या थांबायच्या, आणि मुक्तानं मान फिरवली की खुशाल दुसऱ्या कामाला लागायच्या. एकदा वैतागून मी म्हटलं, "अहो, तिला बोलताच येत नाही. विचारून उपयोग काय?"

बाई माझ्यावर अशा कडाडल्या! "बोलत नाही म्हणून विचारायचंच नाही? झोपेत कात्री चालवतेस आणि वर म्हणतेस पोर झोपायला घाबरते! आजपासून तिनं परवानगी दिल्याशिवाय तिच्या डोक्याला हात लावायचा नाही."

स्कूटरवर मागं बसून मी घरापर्यंत रडले. आईलाच बंदी! बाईंना मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. पण ऐकलं. मुक्ताच्या डोक्याचं जंगल झालं. "संन्याशीण करायचीय का पोरीची?" सासूबाई विचारायच्या. मी रोज कंगवा घेऊन बसायची, विचारायची, आणि मुक्ता रोज मान फिरवायची. असे कितीतरी महिने गेले.

मग एका दुपारी ती आपणहून आली, माझ्याकडे पाठ करून बसली, आणि माझा तळवा ओढून स्वतःच्या डोक्यावर गच्च दाबला. वेणी वाकडीतिकडी झाली, कारण मला नीट दिसतच नव्हतं.

संध्याकाळी येरवडा गाठला. वेणी बघून बाई इतक्या हरखल्या की साऱ्या जगाला शिकवलेला नियम स्वतःच विसरल्या. "अगं बाई!" म्हणत त्यांचा हात सरळ मुक्ताच्या डोक्याकडे गेला.

मुक्ता एक पाऊल मागं सरकली. ना रडणं, ना ओरडणं. बाईंकडे बघून ती स्पष्ट म्हणाली, "नको."

तिचा पहिला शब्द. मला तर 'आई' ऐकायचं होतं. पण त्या क्षणी मला काही म्हणजे काही कमी वाटलं नाही. बाईंनी हात मागं घेतला. "चुकलेच मी, मुक्ताताई. माफ करावं." मग माझ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या होत्या.

"ऐकलंस ना गं? आता मी नसले तरी चालेल हिला."