दोलिआसचे कायदे

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५. सकाळी चांगलाच गारठा. नळ उशिरा आले. भूमिका कॉलेजातून दुपारीच परतली आणि जेवली नाही. शुक्रवारी तिच्या विषयाचे काय ते ठरणार आहे. वांग्याची भाजी तशीच पडून आहे.

एवढे लिहून शामकलाबाई कटरे यांनी पेनाला टोपण लावले. दिवेलागणीला डायरी लिहायची आणि मगच ताट वाढायचे, हा त्यांचा शाळेपासूनचा नेम. लग्नात, बाळंतपणात, सहा वर्षांपूर्वी नवरा, जीवनलालजी, गेले त्या दिवशीसुद्धा तो मोडला नव्हता.

त्यांचे घर मुर्रीला, जिथे गोंदिया संपते आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, सुरू होतात तिथे. मुलगा नोकरीपायी रायपूरला. वरची खोली त्यांनी भूमिका बिसेनला दिली होती. नागझिऱ्याच्या जंगलाच्या कडेच्या गावातली, शेतकरी घरातली पोरगी. इतिहासात एम. ए. झाली आणि पीएच.डी.साठी विषय निवडला तो फ्रान्सचा: राज्यक्रांतीच्या आधी तिथल्या खेड्यांतली माणसे कशी जगत होती. घरी कोणी नावे ठेवली नाहीत, पण तिचे सर पहिल्यापासून साशंक होते. ‘साधने कुठून आणणार? शुक्रवारी समितीपुढे ग्रंथांची यादी ठेव, नाहीतर आपल्या तलावांवर विषय घे,’ असे त्यांनी आज सांगून टाकले होते.

“पोरी, खाली ये. अन्नावर कायले राग काढतेस?”

भूमिका आली, पण ताटाकडे बघेना.

“तलाव काही वाईट नाहीत, आजी. पण त्यावर आमच्या वर्गातले तिघं जण लिहून राहिले. मले हेच करायचं आहे.”

“मग अडलं कुठं?”

“एका पुस्तकावर. नागपूरच्या चर्चासत्रात एक पाहुणे प्राध्यापक आले होते. ते म्हणाले, तुझ्या विषयाचं खरं साधन एकच, ते आधी शोध. मी लिहून घेतलं. तेव्हापासून शोधून राहिली. दोलिआसचे कायदे.”

“हा दोलिआस कोण?”

“तेच तर भेटत नाही. मंत्री असेल, नाहीतर वकील. कायद्याच्या कॉलेजात जाऊन आली, तिथले लोक हसले. आपल्या ग्रंथालयातल्या केशोरावभाऊंनी कॉम्प्युटरवर पाहिलं, कपाटं पाहिली. शेवटी म्हणतात कसे, दोलिआस नाही बाई, डलहौसी आहे, चालते का?”

शामकलाबाईंना हसू आले. भूमिकालाही आले, मनात नसताना.

“ते पाहुणे सर नेमकं काय म्हणाले होते? त्यांच्यासारखं म्हणून दाखव.”

भूमिकाने आठवून, ओठांचा चंबू करून म्हटले, “काये द दोलेआंस. मी लिहिलं, कायदे दोलिआस.”

शामकलाबाईंच्या हातातली पोळी तव्यावर पडायची ती कणकेच्या परातीत पडली.

काये. हा शब्द या घरात सहा वर्षांत कोणी उच्चारला नव्हता.

तो त्यांना पहिल्यांदा ऐकू आला नागपूरच्या कॉन्व्हेंटात. बाप आमगावकडचा जमीनदार, जुन्या वळणाचा, पण एवढी एक गोष्ट त्याने जगावेगळी केली होती: मुलीला बोर्डिंगात ठेवले. तिथे एक म्हाताऱ्या फ्रेंच सिस्टर आठवड्यातून दोन तास त्यांची भाषा शिकवत. पहिल्याच दिवशी त्या छोट्या शामकलापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “काये?” शामकलाला वाटले, सिस्टर मराठीत विचारतात, काय ए? ती उभी राहून म्हणाली, “काही नाही, सिस्टर.” वर्ग हसून लोळला. सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी बाकावरची वही उचलून तिच्या हातात दिली आणि पुन्हा सावकाश म्हणाल्या, “काये.” मग त्याच वहीत रोज चार ओळी लिहायची सवय त्यांनी लावली.

लग्नानंतर शामकलाबाईंनी ही गंमत नवऱ्याला सांगितली. जीवनलालजी शेतीतले माणूस, फ्रेंचशी त्यांचा काय संबंध! पण तो शब्द त्यांनी उचलला तो कायमचा. रोज संध्याकाळी ओसरीवरून हाक यायची, “अवो, तुमची काये झाली का? आम्हाले भूक लागली आहे.” पाहुण्यांना वाटे, बाईंना काही दुखणे आहे.

“आजी? काय झालं?”

“काही नाही, सिस्टर,” शामकलाबाई म्हणाल्या आणि डोळे पुसत हसल्या.

“अगं, काये म्हणजे वही. कायदे-बियदे काही नाही. ‘द’ म्हणजे ‘च्या’.”

“कोणाच्या वह्या?”

“ते दोलेआंस मी शिकले नाही. पण ‘दुलर’ शिकले होते. म्हणजे दुःख. चॅपलमध्ये त्या नावाची मेरीची तसबीर होती. दुःखाच्या वह्या असं काही असेल का?”

भूमिका पाटावरून उठली. बसली. परत उठली.

“गाऱ्हाणी! आजी, गाऱ्हाण्यांच्या वह्या! क्रांतीच्या आधी राजाने सभा बोलावली, तेव्हा गावागावातून लोकांनी गाऱ्हाणी लिहून दिली. एम. ए.ला एक ओळ होती याच्यावर. इंग्रजीतून वाचली होती, म्हणून जुळलंच नाही.” मग ती पुन्हा पाटावर बसली. “म्हणजे मी चार महिने दोलिआस नावाच्या माणसाला शोधून राहिली. तो जन्मलाच नाही.”

“मीही सिस्टरला काही नाही म्हटलं होतं. आधी जेव.”

त्या रात्री वांग्याची भाजी उरली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी ऑटोने ग्रंथालयात गेल्या. शामकलाबाईंनी आठवून आठवून स्पेलिंग सांगितले, सी, ए, एच, आय, ई, आर, आणि केशोरावांनी कपाळाला हात लावला.

“ज्या देशाचा विषय, त्या देशाच्या स्पेलिंगनं शोधावं, हे मले सुचाले पाहिजे होतं. मी डलहौसी काढून राहिलो.”

“डलहौसीही ठेवा, भाऊ. कधी कामी येईल,” भूमिका म्हणाली.

मग कामाने वेग घेतला. फ्रान्सच्या इतिहासाचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ग्रंथालयातच होते. ते भूमिकाने दोनदा वाचले होते, पण शेवटची संदर्भग्रंथांची पाने कधी उलटली नव्हती. तिथे तो शब्द होता, एकदा नाही, पानभर. त्यातली इंग्रजी पुस्तके नागपूरच्या ग्रंथालयातून उसनी मागवायला केशोरावांनी लगेच मेल टाकली. मूळ वह्या फार पूर्वीच छापून निघाल्या होत्या, आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ते खंड इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले होते.

पडद्यावर पान उघडले. बारीक, जुना टाइप. शामकलाबाईंनी चष्मा सारखा केला आणि सिस्टरनी शिकवले तसे मोठ्याने वाचायला लागल्या. चारांतला एक शब्द कळत होता. पण ‘पिजाँ’ कळायला फ्रेंच लागत नव्हते. शब्दकोशाच्या मदतीने भूमिकाने अर्थ लावला: जमीनदाराची कबुतरे आमचे पेरलेले दाणे खातात, आम्हाला ती मारायची परवानगी नाही, त्याच्या शिकारीची जनावरे उभे पीक तुडवतात, आणि आम्ही बघत राहायचे.

भूमिका तिथून उठून व्हरांड्यात गेली आणि वडिलांना, जागेश्वरभाऊंना, फोन लावला. ते खळ्यावर होते.

“तिकडं बी डुकरं धान खाऊन राहिले काय?” त्यांचा आवाज आत ऐकू येत होता. “अन् त्यायनं थेट राजाले लिवलं? मंग, भेटली का भरपाई?”

“भरपाई नाही, बाबा. क्रांती झाली.”

“बरं. आधी यादी दे सरायले. क्रांती मंग पाहू.”

शुक्रवारी यादी समितीपुढे गेली. सरांनी ती वरून खाली वाचली, स्क्रीनवरची पाने पाहिली, आणि ‘फ्रेंच कोण वाचून देणार’ एवढेच विचारले. भूमिकाने उत्तर दिले, “आमच्या आजी शिकवून राहिल्या.” विषय राहिला.

शनिवारी जागेश्वरभाऊ स्वतः आले, नव्या तांदळाची पिशवी घेऊन. शामकलाबाई संकोचल्या.

“एका शब्दाचं एवढं कशाला, भाऊ? उलट मीच तुमच्या पोरीची आभारी आहे. तो शब्द मी कोणाजवळ बोलणार होते?”

“राहू द्या, बाई. आमच्या बांधीतला आहे. डुकरायच्या तोंडून वाचलेला.”

रविवारी सकाळी शामकलाबाईंनी ते तांदूळ गच्चीवर चादरीत पसरले आणि खाली येऊन भूमिकाची शिकवणी घेतली. सिस्टरना, बापाला, जीवनलालजींना, तिघांनाही मनातल्या मनात हात जोडले. शिकवणी लांबली. दिवेलागणीला त्या डायरी घेऊन बसल्या तोच जिन्यावरून भूमिकाची हाक आली, “आजी, तुमची काये झाली का? मले भूक लागली आहे.”

“झालीच,” त्या म्हणाल्या, आणि शेवटची ओळ लिहिली:

गच्चीवर वाळत घातलेले नवे तांदूळ कबुतरांनी खाल्ले. उद्या वर जुनी साडी बांधावी.