साडूंचं कॉलेजगीत

प्रसंग कुठलाही असो, त्याला कॉलेजगीत शोभतंच असं मानणारा माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात एकच आहे, आणि ते माझे मोठे साडू आहेत. बँकेतून निवृत्त झालेले, मावल्यात घर बांधून राहणारे, अंगाने किरकोळ. पण आवाज असा की गल्लीतली कुत्री दचकून उठतात. घरात मराठी, गीत तेलुगू; त्याचं त्यांना काही वाटत नाही. माझ्या मुलीच्या लग्नात, ऐन पंगतीत, त्यांना दोन वर्गमित्र दिसले आणि साडूंनी तिथंच गीत सुरू केलं. माझ्या तोंडात जिलबी होती. "काऊन बसले? उभे राहा नं, गीत चालू हाय!" मी उभा राहिलो. इथली काहीतरी रीत असेल असं समजून वरपक्षही उभा राहिला.

कॉलेजात दर शनिवारी एकाने ओळ सुरू करायची आणि दुसऱ्याने पुढची उचलायची, अशी पद्धत होती. साडूंची ओळ उचलणारा मित्र पुढे इचोड्यात पाइपांचं दुकान चालवू लागला. गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. हात गेला, बोलणंही गेलं. साडू बसने त्याला भेटायला जात आणि पुढच्याच बसने परतत. "काय बोलू त्याच्यासंगं? उत्तर द्याले पाह्यते अन् रडून देते," म्हणत.

एकदा मीही सोबत गेलो. मित्र भिंतीकडे तोंड करून पडला होता. साडू खुर्चीतून एकदम उठले, ताठ झाले आणि गाऊ लागले. आजाऱ्याच्या घरात हे काय, म्हणून मी खाली बघत राहिलो. मित्राची बायको चहा घेऊन दारातच थबकली. एक ओळ म्हणून साडू सवयीने थांबले, आणि पुढची ओळ खाटेवरून आली. घोगरी, बेसूर, पण शब्दन् शब्द स्पष्ट. मित्र गात होता. दोघांनी गीत शेवटपर्यंत नेलं.

मग तो हसला आणि बायकोला काहीतरी सांगायला वळला. ओठ हलले. "अं... अं..." एवढंच निघालं.

तिने चहा खाली ठेवला, डोळ्यांना पदर लावला. "भाऊजी, अजून एकडाव म्हना नं," ती म्हणाली. "त्यायचा आवाज तरी ऐकू द्या मले."

साडूंनी घसा खाकरला आणि पुन्हा पहिली ओळ धरली.